सही करण्याआधी

रविवारची सकाळ होती. भिलाईतल्या रिसालीच्या त्या घरात पोह्यांचा वास दरवळत होता. टेबलावरची बशी उचलायला आईने हात पुढे केला, तर खालचा कागद बशीला चिकटून वर आला. कडेला तेलाचा डाग पडला होता. तिने तो पदराने टिपला आणि वाचता वाचता तशीच उभी राहिली.

तो कागद पालकांच्या संमतीचा होता. आमचा मुलगा महाविद्यालयाच्या चमूने बनवलेली शर्यतीची मोटार चालवणार असून त्यास आमची हरकत नाही, अशा अर्थाचा मजकूर आणि खाली सहीसाठी एक रिकामी ओळ. शेवटची तारीख होती पंधरा दिवसांनंतरची.

मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. महाविद्यालयातली पंचवीस मुले मिळून मोटार बनवत होती, हे तिला ठाऊक होते. रात्री उशिरा येणे, नखांत ग्रीस, शर्टावर वेल्डिंगची भोके, हे सारे तिने चालवून घेतले होते. आपला मुलगा मोटार ‘बनवतो’, अशीच तिची समजूत होती. तो ती ‘चालवणार’ आहे, हे मात्र त्या कागदानेच तिला पहिल्यांदा सांगितले.

"आबा, हे पाहिलंत?" तिने विचारले.

सासरे वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, "काल रात्रीच दाखवलं त्याने. म्हणाला, आईला तुम्ही सांगा. मी म्हटलं, तुझी आई आहे, तूच सांग."

आजी ओट्यापाशी होत्या. त्यांनी काहीच विचारले नाही. त्या घरात वाहनांविषयी बोलणे निघाले की आजी गप्प होत. गेली तेरा वर्षे असेच चालले होते.

तेरा वर्षांपूर्वी जी. ई. रोडवर संध्याकाळच्या गर्दीत या घरातला कर्ता मुलगा स्कूटरवरून पडला आणि पुन्हा उठला नाही. नातू तेव्हा सात वर्षांचा होता. सून शाळेत गणित शिकवत होती. दिवस झाल्यावर ती पुन्हा वर्गात उभी राहिली, फळ्यावर बेरजा मांडू लागली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर म्हणजे काय, ते तिचे तिलाच ठाऊक होते.

एका वर्षाची यादी

मुलगा कार्यशाळेत गेला होता. आईने त्याच्या खोलीत जाऊन टेबलावरची वही उघडली. एरवी तिने असे कधी केले नव्हते, पण त्या दिवशी तिला राहवले नाही.

पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘१९५५’. खाली पट्टीने आखलेला तक्ता. महिना, नाव, ठिकाण, काय झाले आणि शेवटचा रकाना, ‘त्यानंतर काय बदलले?’

मार्च, लॅरी क्रॉकेट, लँगहॉर्न. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला माइक नझारुक, पुन्हा लँगहॉर्न. मेच्या मध्यावर मॅनी आयुलो, इंडियानापोलिस, सरावात. ३० मे, बिल वुकोविच, इंडियानापोलिस. जुलै, जेरी हॉइट, ओक्लाहोमा सिटी. ६ नोव्हेंबर, जॅक मॅक्ग्रा, फिनिक्स.

गणिताच्या बाईंना तक्ता वाचायला वेळ लागला नाही. सहा नावे आणि सहा मृत्यू. सगळे एकाच देशातले, एकाच खेळातले, एकाच वर्षातले.

ती वही घेऊन बाहेर आली आणि आबांपुढे ठेवली. "हे वाचून त्याला मोटार चालवावीशी वाटते?"

आबांनी चष्मा पुसला. पहिला आकडा पाहून ते म्हणाले, "हे तर माझं जन्मवर्ष."

खरेच होते. आबा १९५५ चे. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. तेव्हा हा मुलूख ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे नागपूर, भंडारा, गोंदिया भागातल्या माणसांना भिलाई परकी वाटली नाही. गाडीत बसले की काही तासांचा प्रवास. आबांचे वडील असेच बांधकामाच्या वेळी आले आणि इथलेच झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा आबा चार वर्षांचे होते. पुढे त्यांनीही रूळ बनवणाऱ्या मिलमध्ये नोकरी केली आणि २०१५ साली निवृत्त झाले.

दुपारी मुलगा घरी आला. टेबलावर उघडी वही आणि तिच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आबा असे बसलेले पाहून तो दारातच थबकला.

"बस," आई म्हणाली. "आणि हे काय आहे, ते नीट सांग."

मुलगा बसला. आधी अडखळत, मग हळूहळू मोकळेपणाने तो सांगू लागला.

त्यांच्या चमूत त्याच्याकडे सुरक्षिततेचा भाग आला होता. नियमांचे पुस्तक जाडजूड. वरच्या वर्गातल्या मुलाने त्याला बजावले होते की, नियम पाठ करू नकोस, प्रत्येक नियम का आला ते शोधून काढ. शोधता शोधता तो अमेरिकेतल्या १९५५ च्या मोसमापर्यंत जाऊन पोहोचला होता.

अमेरिकेत उघड्या चाकांच्या मोटारींची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा फार जुनी. उघड्या चाकांची म्हणजे चाकांवर पंखे नसलेली, एकाच माणसाला बसायला जागा असलेली, केवळ शर्यतीसाठीच बनवलेली मोटार. त्या काळी ही स्पर्धा अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था भरवत असे. १९५५ च्या मोसमात अकरा शर्यती होत्या. पहिली आणि सर्वांत मोठी ३० मे रोजी इंडियानापोलिसला, शेवटची ६ नोव्हेंबरला फिनिक्सला. बाकीच्या बहुतेक एकेक मैलाच्या लंबवर्तुळाकार मैदानांवर, त्यांतल्या कित्येक तर नुसत्या मातीवर. एक शर्यत चक्क डोंगराच्या चढणीवरची होती.

इंडियानापोलिसची धावपट्टी अडीच मैलांची, म्हणजे चार किलोमीटरची. तिच्या दोनशे फेऱ्या मारायच्या, एकूण पाचशे मैल. १९०९ साली त्या धावपट्टीवर सुमारे ३२ लाख विटा अंथरल्या होत्या. १९११ पासून तिथे पाचशे मैलांची शर्यत होत आली आहे.

"तेव्हाची मोटार कशी होती?" आबांनी विचारले. ते यंत्रात रमणारे होते.

"पुढे चार सिलिंडरचं इंजिन, मागे शेपटीत इंधनाची टाकी आणि मध्ये माणूस. डोक्यावर काहीच नाही, आबा. गाडी उलटली तर सगळा भार चालकाच्या डोक्यावर. पुष्कळ जण साध्या बनियनसारख्या टी-शर्टमध्ये गाडी चालवायचे."

आबांनी चुटपुटल्यासारखे तोंड केले. तापलेल्या लोखंडाजवळ सुती जाड कपडे आणि पायांत बूट असल्याशिवाय उभे राहायचे नसते, हे त्यांच्या अंगात मुरलेले होते.

तीन पिढ्यांचे घर

"आणि हा वुकोविच कोण?" आईने विचारले. त्या नावाखाली मुलाने दोन रेघा ओढल्या होत्या.

बिल वुकोविच हा कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा. आईवडील सर्बियन वंशाचे. स्वभावाने अबोल. तरीही वृत्तपत्रांनी त्याला ‘वेडा रशियन’ असे नाव देऊन टाकले होते. आबांना हसू आले. त्यांच्या लहानपणी भिलाईत रशियन इंजिनिअर आणि त्यांची कुटुंबे राहत असत. बाजारात कोणताही गोरा माणूस दिसला की मुले त्याला रशियनच म्हणत.

१९५२ साली वुकोविच इंडियानापोलिसची शर्यत जिंकतच आला होता. अवघ्या काही फेऱ्या उरल्या असताना स्टिअरिंगचा भाग तुटला आणि हातातली शर्यत गेली. १९५३ साली मात्र त्याने ती जिंकली आणि १९५४ साली पुन्हा जिंकली. लागोपाठ तिसऱ्यांदा ती कोणीच जिंकलेली नव्हती. १९५५ ला तो उतरला तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या.

तो आघाडीवर होता. ५७ वी फेरी चालू होती. पुढे रॉजर वॉर्डच्या गाडीचा आस तुटला, गाडी भिंतीवर आदळून उलटली. तिला चुकवण्याच्या धडपडीत मागच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि त्यांतली एक वुकोविचच्या वाटेत आली. त्याची गाडी भिंतीवरून पलीकडे गेली, कोलांट्या खात उलटी पडली आणि पेटली. तो ३६ वर्षांचा होता. शर्यत थांबली नाही. बॉब स्वाइकर्टने ताशी १२८ मैलांच्या, म्हणजे सुमारे २०६ किलोमीटरच्या सरासरी वेगाने ती जिंकली. त्या मोसमाचे राष्ट्रीय अजिंक्यपदही त्यालाच मिळाले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये सेलमच्या शर्यतीत तोही गेला.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. आजी दाराशी येऊन उभ्या होत्या.

"त्याच्या घरी कोण कोण होतं?" आजींनी विचारले. या विषयावर तेरा वर्षांत त्यांनी विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता.

"बायको होती, मुलं होती. मुलगा अकरा वर्षांचा," नातवाने सांगितले आणि तो क्षणभर थांबला. पुढचे सांगावे की नाही, हे त्याला ठरवता येईना.

"मग?"

"मुलगाही शर्यतीत उतरला, आजी. नाव वडिलांचंच, बिल. १९६८ साली तो इंडियानापोलिसला आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित चालक ठरला. १९७३ ला तो दुसरा आला. त्याचा मुलगा, म्हणजे तिसरा बिल, १९८८ ला त्याच शर्यतीत उतरला. आजोबा, वडील आणि नातू असे तिघे त्या शर्यतीत उतरलेलं ते पहिलंच घर. तोही त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला."

"आणि आता?"

"१९९० मध्ये कॅलिफोर्नियातच सराव करताना अपघात झाला. तो २७ वर्षांचा होता."

कोणीच काही बोलले नाही. आईने वही मिटली. मधल्या बिलच्या वाट्याला काय आले, हे तिच्या मनात घोळत होते. अकराव्या वर्षी बाप गेला आणि पुढे मुलगाही. त्या घरातल्या बायकांनी सह्या केल्या असतील का? की तिकडे कोणी सही मागतच नाही?

"मी सही करणार नाही," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

नियम कुठून येतात

पुढचे चार दिवस घरात कामापुरतेच बोलणे होत होते. मुलाने वाद घातला नाही, त्याचेच आईला अधिक वाईट वाटले. तो जेवायचा, वही घेऊन बसायचा, झोपायचा.

गुरुवारी रात्री आबांनी सुनेला बाहेर ओसरीवर बोलावले. "तू त्या तक्त्याचा शेवटचा रकाना वाचलास?"

तिने तो वाचला नव्हता. नावांपुढे तिचे डोळे गेलेच नव्हते.

"मी वाचला. मी आयुष्यभर पोलादात काम केलं. त्या कामात सुरक्षेच्या पाट्या जागोजागी लावलेल्या असतात. नवा माणूस त्यांना हसतो. जुना माणूस हसत नाही, कारण कुठल्याही कामातला असा नियम कोणीतरी किंमत मोजल्यावरच लिहिला जातो, हे त्याला कळलेलं असतं. पोराने तेच शोधून काढलं आहे."

आबांनी वही तिच्या हातात दिली. तिने ओसरीच्या दिव्याखाली ती पुन्हा उघडली.

१९५५ हे वर्ष फक्त अमेरिकेलाच वाईट गेले नव्हते. ११ जून रोजी फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत एक मोटार प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. स्वित्झर्लंडने आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदीच घातली. अमेरिकेत हा खेळ बंद करा अशी मागणी एका सिनेटरने केली. ऑगस्टमध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने जाहीर केले की, मोसम संपल्यावर आपण शर्यतींतून अंग काढून घेणार. १९५६ पासून युनायटेड स्टेट्स ऑटो क्लब या नव्या संस्थेने तो भार उचलला.

पण ‘त्यानंतर काय बदलले?’ या रकान्यात १९५५ पुढे मुलाने लिहिले होते, ‘संस्था बदलली. गाडीत लगेच फारसे काही नाही.’

पुढच्या पानावर तक्ता चालूच होता. १९५८, पॅट ओकॉनर, इंडियानापोलिस, गाडी उलटली. त्यानंतर चालकाच्या डोक्यामागे पोलादी कमान सक्तीची झाली. १९५९, जेरी अन्सर, भाजल्यामुळे मृत्यू. त्यानंतर आगीला दाद न देणारे कपडे सक्तीचे झाले. १९६४, एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड, दुसऱ्याच फेरीत आग. त्यानंतर पेट्रोल मागे पडून मिथेनॉल आले. २००२ साली इंडियानापोलिसच्या काँक्रीटच्या भिंतीपुढे धक्का शोषून घेणारी पोलाद आणि फोमची भिंत उभी राहिली. २०११ मध्ये लास वेगासला डॅन व्हेल्डन गेला. २०१५ मध्ये पोकोनोला दुसऱ्या गाडीचा तुकडा डोक्याला लागून जस्टिन विल्सन गेला. २०२० पासून चालकापुढे पारदर्शक कवच बसवले गेले.

मुलाने काहीच लपवले नव्हते. आता सारे सुरक्षित झाले आहे, असे त्याने कुठेही लिहिले नव्हते.

"आबा, म्हणजे मी सही करावी?"

"मी तसं म्हटलेलं नाही. सही तुझी आहे. त्याला नाही म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. फक्त वाचून नाही म्हण. न वाचता म्हणू नकोस, एवढंच."

माळ्यावरचे हेल्मेट

शुक्रवारी संध्याकाळी आई वह्या तपासत खिडकीशी बसली होती. फाटकाबाहेर मोटारसायकलचा आवाज आला. मुलगा आला होता. हेल्मेट त्याच्या कोपरात अडकवलेले होते. डोके मोकळे, केस वाऱ्याने विस्कटलेले.

तिने पेन खाली ठेवले. स्टूल ओढले, त्यावर चढली आणि माळ्यावरच्या ट्रंकेमागे हात घातला. जुन्या चादरीत गुंडाळलेले एक गाठोडे होते. तेरा वर्षांत ते कोणी उघडलेले नव्हते. तिने ते टेबलावर ठेवून सोडले.

आत एक निळे हेल्मेट होते.

मुलगा बूट काढून आत आला आणि थांबला.

"ओळखलंस?" आईने विचारले. "तुझ्या बाबांचं. त्या दिवशी ते हँडलला अडकवलेलं होतं. पोलिसांनी परत आणून दिलं. हातात घेऊन बघ. एक ओरखडासुद्धा नाही त्याच्यावर."

मुलाने ते हातात घेतले. फिरवून पाहिले. खरेच, एक ओरखडा नव्हता.

"तुझ्या वहीत मोठी मोठी नावं आहेत. अमेरिकेतल्या प्रत्येक अपघातानंतर काय बदललं, ते तू शोधलंस. आपल्या घरातल्या अपघातानंतर काय बदललं, ते सांग मला. शेवटच्या रकान्यात काय लिहिशील?"

मुलाला उत्तर देता येईना.

"आबा अजून भाजी आणायला हेल्मेटशिवाय जातात. तू कोपरात अडकवून येतोस. आणि मी रोज बघते आणि गप्प बसते, कारण बोलले तर बाबांचा विषय निघेल आणि आजींना त्रास होईल. तेरा वर्षं झाली. त्या परदेशी लोकांना तीन-चार वर्षं लागली, तर तू वहीत ‘लगेच फारसे काही नाही’ असं लिहिलंस. आपलं काय?"

आजी दाराशी आल्या होत्या. त्यांनी पुढे होऊन हेल्मेट हातात घेतले, पदराने त्यावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "मीच त्याला म्हटलं होतं, कोपऱ्यावरच तर जायचंय, उशीर करू नको."

हे वाक्य त्यांनी आजवर कोणालाही सांगितले नव्हते. सून चटकन उठून त्यांच्याजवळ गेली. आबा खुर्चीतच बसून राहिले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "अगं, मला कधी बोलली नाहीस."

त्या रात्री जेवायला उशीर झाला, पण बऱ्याच वर्षांनी त्या घरात गेलेल्या मुलाविषयी मोकळेपणी बोलणे झाले. तो कसा हसायचा, कसा चिडायचा, पहिल्या पगारात त्याने आईला कोणते पातळ घेतले होते, हे सारे नातवाने प्रथमच ऐकले.

पाच सेकंद

रविवारी आई मुलाबरोबर कार्यशाळेत गेली. "सही करायची की नाही, ते मी गाडी पाहून ठरवीन," असे ती म्हणाली होती.

मोटार अजून रंगवलेली नव्हती. पोलादी नळ्यांचा सांगाडा, चार उघडी चाके, मध्ये जेमतेम एक माणूस मावेल अशी बैठक. मुलाने तिला एकेक गोष्ट दाखवली. डोक्यामागची मुख्य कमान आणि स्टिअरिंगपुढची दुसरी कमान. दोन्हींच्या माथ्यांना जोडणारी रेषा धरली, तर चालकाचे हेल्मेट त्या रेषेच्या किमान ५ सेंटिमीटर आत राहिले पाहिजे. म्हणजे गाडी उलटली तरी जमिनीला कमानी टेकतील, डोके नाही. गणिताच्या बाईंनी पट्टी मागितली आणि स्वतः मोजून पाहिले.

"ही स्पर्धा १९५५ सारखी नाही, आई," मुलगा सांगत होता. ‘सुप्रा’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा २०११ पासून होते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर, जिथे २०११ ते २०१३ मध्ये फॉर्म्युला वन झाली, तिथे ती अनेक वर्षे भरली. तिथे चाकाला चाक भिडवून शर्यत लावायची नसते, घड्याळाशी स्पर्धा असते. वाटेत शंकू मांडून वळणे अशी आखतात की, फार वेग घेताच येऊ नये. त्याआधी गाडीची कडक तपासणी होते. ती ६० अंशांत कलती करतात, तेव्हा इंधनाचा एक थेंबही गळता कामा नये. ब्रेक दाबल्यावर चारही चाके एकदम जखडली पाहिजेत. आणि चालकाची स्वतःचीही एक परीक्षा असते.

"कोणती?"

"हेल्मेट, सूट, हातमोजे, सगळे पट्टे बांधून गाडीत बसायचं. खूण झाली की पाच सेकंदांच्या आत बाहेर यायचं. आग लागली तर तेवढाच वेळ धरायचा."

"बस मग," आई म्हणाली आणि तिने मनगटावरचे घड्याळ काढून हातात घेतले.

बाकीची मुले काम थांबवून भोवती जमली. मुलगा पूर्ण पोशाख चढवून आत बसला. मित्रांनी पट्टे आवळले. आईने "हं" म्हटले. मुलाने पट्ट्याची कळ फिरवली, पण हाताचा पट्टा स्टिअरिंगच्या दांड्यात अडकला. तो सोडवून तो बाहेर आला तेव्हा घड्याळात सात सेकंद झाले होते.

"सात," आई म्हणाली. "आज सही नाही."

मुले हसली, पण ती हसली नाही. मुलगाही हसला नाही. संध्याकाळी त्याने हाताच्या पट्ट्याची लांबी मोजून पाहिली. ती नको तेवढी सैल होती. त्याने ती कमी करून घेतली. पुढचे सहा दिवस तो रोज कार्यशाळेत तेच करत राहिला. घरी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून डोळे मिटून हात कुठे जातो, त्याचा सराव करू लागला. आजी पोळ्या लाटता लाटता आकडे मोजत. "एक, दोन, तीन, चार..." त्यांचे मोजणे अंमळ सावकाश असे आणि नातू त्यांना म्हणे, "आजी, असं मोजलंत तर सगळेच पास होतील."

दुसऱ्या रविवारी आई पुन्हा गेली. पहिल्या वेळी पावणेपाच सेकंद. ती म्हणाली, "पुन्हा." दुसऱ्या वेळी साडेचार. "पुन्हा." तिसऱ्या वेळीही साडेचार. तेव्हा तिने पर्समधून कागद काढला. कडेचा तेलाचा डाग तसाच होता. गाडीच्या पुढच्या नळीवर कागद ठेवून तिने सही केली. मग पेन मिटण्याआधी मुलाकडून वही मागून घेतली.

तक्त्याच्या शेवटी एक नवी ओळ मुलाने आधीच आखून ठेवली होती. साल, नाव, ठिकाण, काय झाले, हे सारे त्याच्या अक्षरात होते. शेवटचा रकाना रिकामा होता. आईने तिथे लिहिले, ‘घरातून निघताना हेल्मेट डोक्यावर. कोपऱ्यापर्यंत जायचे असले तरी.’

गाडी स्पर्धेला जाईल तेव्हा तिला भीती वाटणार नाही असे नाही. सही केली म्हणजे आईची काळजी मिटते, असे कुठे असते? मुलगा बाहेर पडला की तिचे कान फाटकाकडे लागतात, तसे ते पुढेही लागतील. वुकोविचच्या घराची गोष्टही ती विसरलेली नाही.

त्या संध्याकाळी आबा भाजीला निघाले. पिशवी हँडलला लावली, स्कूटर सुरू केली आणि फाटकापर्यंत जाऊन थांबले. आजींनी ओसरीवरून पाहिले. आबा स्कूटर बंद करून घरात परत आले आणि खुंटीवरचे हेल्मेट घेऊन पुन्हा बाहेर पडले.

"कोथिंबीर विसरू नका," आजी म्हणाल्या.